पेपरात गाजलेला गंज

३ जानेवारी १९७८
शालूची पट्टी बदलली. डॉ. म्हणाले, कातडी आखडते आहे, टाच टेकेल की नाही आत्ता सांगता येत नाही. पाच वर्षांची पोर. हे बाहेर जाऊन विडी ओढत बसले. उकळत्या वरणाचा गंज मी दोन्ही कड्या धरूनच उतरवत होते. एका कडीचं रिबिट सुटलं, कडी निखळून हातात आली, सगळं वरण तिच्या पायावर. कंपनी म्हणते, या गंजाला सांडशी लागत नाही. आग लागो त्यांच्या फॅशनला.

६ जाने.
शेजारचे गुरुजी म्हणाले, कंपनी मुंबईची, तर मुं. पेपरलाच पत्र टाका. चार लोकांना कळेल, माल परत घेतील. लिहिलं. रिबिटासकट सारं लिहिलं. कोपऱ्यावरच्या दुकानात त्या गंजांची चळत अजून तशीच.

१४ जाने.
पत्र आलं छापून. पण कात्री लावून. उरलं एवढंच, 'कंपनीच्या गंजामुळे माझ्या मुलीचा पाय भाजला.' वरण गेलं, कडी गेली, रिबिट गेलं. आज संक्रांत. तिळगूळ केला नाही.

१९ जाने.
कंपनीचं उत्तर, त्याच पेपरात. 'आमच्या भांड्यांवर गंज चढत नाही. गंजाने पाय भाजल्याचे आम्ही प्रथमच ऐकतो. भगिनींनी भांडी घासून कोरडी ठेवावीत. आपले नम्र.'
मला आधी उमजेचना. गुरुजींनी सांगितलं, आपण जंग म्हणतो त्याला तिकडे गंज म्हणतात. न् आपल्या गंजाला पातेलं.
जन्मात पातेलं म्हटलं नाही, तर लिहिताना कसं सुचणार? दुसरं पत्र टाकलं, सगळा खुलासा करून.

२४ जाने.
पत्रांचा नुसता पाऊस. एक दादरचे गृहस्थ लिहितात, 'नागपूरकरांना आधी मराठी शिकवा.' दुसरा म्हणतो, बाईंनी कंपनीकडून फुकट भांडी उकळायचा घाट घातलाय. न् एक बाई विचारते, तेव्हा आई काय करत होती?
आई वरण उतरवत होती, बाई. हेच तर रात्रंदिवस खातंय मला.
हे म्हणाले, "कशाले लिवलं तू? हापिसातले हासून राहिले ना माह्यावर."

३० जाने.
आता आपलेही सरसावले. धरमपेठेतले एक वकील लिहितात, गंज हा आमचा मानबिंदू आहे. कुणी त्यातून वेगळा विदर्भ काढला. संध्याकाळी दोन पुढारी घरी. सत्कार करायचा म्हणे, शाल-नारळ.
"बोलीसाठी लढल्या तुम्ही, ताई."
"मी रिबिटासाठी लढून राहिली, भाऊ."
हसले दोघं. आत शालू कण्हत होती. चहा घेतला, गेले. तिकडचे काय, इकडचे काय, पोरगी कशी आहे हे एकानेही विचारलं नाही. मला आता कुणाचा राग येत नाही, फार थकले.

५ फेब्रु.
'या विषयावरील पत्रव्यवहार आता बंद करण्यात येत आहे. – संपादक.'
माझं दुसरं पत्र छापलंच नाही. शालू भिंत धरून उभी राहते, पण चवड्यावर. टाच अधांतरी. 

९ फेब्रु.
दुकानदाराने बाहेर फळा लावलाय, 'मुंबईच्या पेपरात गाजलेला गंज येथे मिळेल.'
म्हटलं, "काढा तो फळा."
"काहून वहिनी? तुमच्यामुळे तर माल जाऊन राहिला."
एक बाई, कडेवर लेकरू, गंज उलटापालटा करून पाहत होती. मी तिचा हातच धरला. "नोको घेऊ वं बाई, कडी सुटते याची. माह्या पोरीचा पाय गेला."
"तुमीच का वं त्या पेपरातल्या?" कौतुकाने माझ्याकडे पाहिलं, पैसे मोजले, गंज काखेत मारला. "घरी सांगतो ना, तुमाले पाह्यलं म्हणून."
मी मागे धावले. आमच्या महाल वस्तीतल्या गल्ल्या त्या, कुठे वळली कळलं नाही. लेकरू वर्षाचं असेल. आत्ता कुठे पाऊल टाकायला लागलं असेल.