सहा मिनिटांपैकी दोन

४ सप्टें. ९९, शनि.
सकाळची शाळा सुटल्यावर कराडला, शिंदेंच्या नेट सेंटरवर. मिलिंदची मेल तीन आठवडे नाही. आज एक आली, पण त्याची नव्हे. मस्कतला त्याच्या खोलीत राहणाऱ्या बिजूची, इंग्रजीत. तुझ्या भावाला लिहिता येत नाही, म्हणून तो कॅमेऱ्यासमोर बोललाय. खालच्या वेब-पत्त्यावर सहा मिनिटांचं चित्रण आहे. १२ तारखेला काढून टाकतील.
लिहिता येत नाही म्हणजे काय?
शिंदेंनी लावलं. पाऊण तासात वीस सेकंद दिसलं. पांढरी भिंत, दाढी वाढलेला मिलिंद. "ताई, आबा, मी..." आणि चित्र थिजलं. तोंड उघडं ते उघडंच.

६ सप्टें., सोम.
आबांना घेऊन गेले. न सांगता राहवेना. ते पडद्याला नाक लावून बसले.
"हलंना का रं त्यो?"
शिंदे म्हणाले, "आबा, पत्रातली अक्षरं हलकी असत्यात. हलतं चित्र लय जड. सगळी लाइन खातं, तास बी खातं."
मिनिटभर झालं असेल, फोनची लाइन तुटली. परत जोडली तर मिलिंद पहिल्यापासून सुरू. ताई, आबा, मी.
"आवं, म्होरलं लावा की! ह्ये बघितलंय."
म्होरलं लावता येत नाही. तीनदा तुटली, तीनदा तेच. मिलिंदचे डोळे एका बाजूला, जणू तिथं कुणी उभं आहे. आबांनाही दिसलं.

८ सप्टें., बुध.
एक मिनिट चाळीस सेकंदांपर्यंत पोचलो. "आमा चौघांचे पासपोर्ट सायबाकडं..." पडदा कोरा. शिंदेंच्या खात्यातले इंटरनेटचे विकतचे तास संपले. नवीन साताऱ्याहून आणावे लागतात. रिझल्ट बघायला आलेली मुलं आमच्याकडे बघत होती. आम्हीच सगळं संपवलं.

१० सप्टें., शुक्र.
अर्धी रजा. साताऱ्याहून नव्या तासांचं पाकीट आणलं. शिंदेंनी इतर गिऱ्हाइकांना परत पाठवलं. दोन मिनिटं जेमतेम. "ताई, कुणी कागद घेऊन आलं तर आबांचा अंगठा..." तिथंच थांबलं. वाट पाहिली. वीस मिनिटं तसाच चेहरा. मग लाइन गेली.

११ सप्टें., शनि.
पत्ता उघडत नाही. पान नाही असं येतं. एक दिवस आधीच.
बिजूला दोन मेल टाकल्या. उत्तर नाही.
आबांना बजावलं, कशावरही अंगठा द्यायचा नाही. "न्हाई दिनार. पर काय म्हनत हुता गं त्यो?"

१४ सप्टें., मंगळ.
मिलिंदच्या पत्त्यावरून मेल. इंग्रजीत. मी मजेत आहे. बिजूनं पाठवलेलं पाहू नका. तो इथून गेला. घरी कागद येतील, आबांचा अंगठा घेऊन पाठव.
आबांना वाचून दाखवली. म्हणाले, "त्यानंच लिवलंय का?"
अक्षरावरून ओळखावं तर ही टाइपाची अक्षरं. उलट मेल टाकली, एकच ओळ. आईचा हात कशानं भाजला होता? आम्हा तिघांशिवाय कुणाला ठाऊक नाही.

१७ सप्टें., शुक्र.
शाळेत शिंदेंचा फोन. "मॅडम, उत्तर आलंय. मी उघडलं न्हाई."
घरी येऊन आबांना सांगितलं. त्यांनी टोपी घातली, दारात जाऊन उभे राहिले. हाका मारताहेत. मी अजून इथं, वही घेऊन. उठवत नाही.