सव्वापाचला उठायची सवय

मंगळवार, ७ फेब्रुवारी २००६

मी परीक्षक झालो! दुसरी नापास बाई! हसू आवरंना म्हणून दोनदा चहा केला, दोन्ही वेळा साखर विसरली.

निशानं, माझ्या नातीनं, हे घडवलं. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला हाय. गावात परदेशी पिक्चरांचा महोत्सव भरतोय, तिथं ती राबती. फिलिपीन्स म्हणून देश हाय, तिथलं छोटं छोटं पिक्चर – दहा मिनिटांचं, पंधरा मिनिटांचं – त्येनला मार्क द्यायला पाच साधी माणसं पायजेत. रिक्षावाला महांतेश, एक मास्तर, एक नर्सबाई, एक कॉलेजकुमार गावला. "आणि एक अजिबात न शिकलेली बाई पाहिजे," असं त्यांचे अतुल सर म्हणाले. निशानं लगेच हात वर केला – "आमची आज्जी!" किती अभिमान तो!

अजिबात न शिकलेली म्हंजे काय? साक्षरता वर्गात दोन वर्षं गेलतो मी. ही वही कोण लिहितंय मग? अक्षर पार शेळीनं पाय दिल्यागत हाय, ते सोडा. एक ते दहा आकडं येत्यात.

बुधवार, ८ फेब्रुवारी

आज कळलं, हे हसण्यावारी न्यायचं काम न्हाय. अतुल सर पुण्याच्या पिक्चरच्या कोर्ससाठी तिघा पोरांना शिफारशीची चिठ्ठी देणार. फिलिपीन्सचं सगळं निशाकडं. ते नीट पार पडलं तरच तिला चिठ्ठी. माझा कृष्णात – तिचा बाप – शिरोलीला फौंड्रीत हाय. तो जेवताना म्हणाला, "चिठ्ठी मिळाली तर खुशाल जा. न्हाय मिळाली तर आमच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसायचं. परत पिक्चरचं नाव न्हाय काढायचं." पोरगी व्हय म्हणली आणि घास तसाच ठेवला.

मागनं मला म्हणली, "आज्जी, नीट बघ हं. मी तुझी खात्री दिलीय."

माझी खात्री! कालचा चहा तिनं प्यालाय तरी!

गुरुवार, ९ फेब्रुवारी

फिलिपीन्स म्हंजे कोकणच की! नारळ, मासं, भात, पत्र्याची घरं. बायका दारात बसून शेजारणीची उणीदुणी काढत्यात – भाषा कळंना, पण तोंडावरनं कळतंय. खाली इंग्रजी अक्षरं पळत्यात. निशा ती वाचून माझ्या कानात सांगती, मागनं लोक "शूऽऽ" करत्यात.

चार पिक्चर झाले. दोन लई मनात बसले.

एक म्हाताऱ्याचा. त्याचा झुंजीचा कोंबडा. घरात दाणा न्हाय, म्हणून कोंबडा काखेत मारून बाजाराला निघतो. अख्खी वाट त्याच्याशी बोलतोय, लेकराशी बोलावं तसं.

दुसरा खोक्याचा. आई परदेशात दुसऱ्याची पोरं सांभाळती आणि स्वतःच्या पोरीला दरसाल मोठं खोकं पाठवती – साबण, कापडं, चॉकलेट. पोरगी रिकाम्या खोक्यात बसून आईची वाट बघती. आणि एक दिवस दार वाजतंय!

चारींना दहापैकी दहा दिले. निशानं मार्कांच्या चिठ्ठ्या बघून कपाळावर हात मारला. "आज्जी, सगळ्यांना दहा?"

"पावणं एवढ्या लांबनं आल्यात. ताटात कमी कसं वाढायचं गं?"

"अगं, हे जेवण न्हाय!"

मग मी तिच्याकडनं कोऱ्या चिठ्ठ्या घेतल्या. दोघांना सहा केले आणि मनातल्या मनात त्या दोघांची माफी मागितली. कोंबड्याचं आणि खोक्याचं दहा ठेवले.

घरी येऊन ह्यांना सगळं सांगितलं. पाय गेल्यापासनं हे खाटेवरच असत्यात, पण पिक्चर म्हटलं की उशीला टेकून ताठ बसत्यात. म्हणाले, "कोंबड्याचं काय झालं मग शेवटी?"

"मी उठलो की आधीच."

"मग वाचला असणार. म्हातारा अर्ध्या वाटेतनं माघारी आला."

"आणि खोक्यातल्या पोरीची आई?"

"आली. दार तिनंच वाजवलं."

मला बरं वाटलं. आमचं हे असंच हाय पहिल्यापासनं. हे टॉकीजला तीस वर्षं डोअरकीपर. तीनच्या खेळाला अंधार झाला की मला गुपचूप कोपऱ्यातल्या खुर्चीत बसवायचे. पण उजेड व्हायच्या आत मी बाहेर! खेळ सुटताना मॅनेजर दारात उभा असायचा, आणि पोरंही शाळेतनं येणार. सव्वापाच झालं की उठायचं. शेवटाला हेच आत जायचे दारं उघडायला. मग सकाळी मी भाकरी थापताना हे शेवट सांगायचे. सुरवात माझी, शेवट ह्यांचा. तीस वर्षांत एक शेवट बघितला न्हाय मी, पण सगळं ठाऊक हाय!

आता अंगच तसं झालंय. पिक्चर संपायला आला की पाय आपोआप चपला शोधत्यात.

शुक्रवार, १० फेब्रुवारी

वाटोळं केलं मी! माझं तोंड आणि मी!

आज चर्चा होती. सगळ्यांसमोर माईक हातात आला, आणि आपल्याला माईक मिळाला म्हंजे काय! म्हटलं, "कोंबड्याचा पिक्चर झकास. म्हातारा माघारी आला, कोंबडा वाचला, बरं झालं बाई."

सभागृह हसलं. मला वाटलं मीच काहीतरी ठसकेबाज बोललो, म्हणून मीपण हसलो.

महांतेश हळूच म्हणाला, "आज्जी, कोंबडा शेवटी ताटात हाय. म्हातारा खातोय आणि रडतोय."

आणि खोक्याची आई? तीबी आली न्हाय. दारात नुसतं खोकं.

निशानं माझ्याकडं बघितलं. "आज्जी, तू दर वेळी उठत होतीस ते बाथरूमला जात होतीस न्हवं?"

काय सांगू? आम्ही डोअरकीपरची माणसं हाय, फुकटचं बघायचं आणि उजेडाआधी पळायचं, हे तिथं माईकवर सांगू?

पोरीनं स्वतः जाऊन सरांना सांगितलं, आमच्या आज्जीच्या चिठ्ठ्या रद्द करा, चूक माझी हाय. माझी हाय म्हणली! घरी आल्यापासनं भिंतीकडं तोंड करून पडलीय. कृष्णातनं विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "कोंबडा मेला." त्याला वाटलं शेजारच्यांचा.

शनिवार, ११ फेब्रुवारी

सकाळी महांतेशच्या रिक्षानं एकटी सरांकडं गेलो. पैसे घेतले न्हाईत त्यानं, वर म्हणाला, "परीक्षक परीक्षकाकडनं भाडं घेत न्हाय."

सरांना सगळं सांगितलं. टॉकीज, मॅनेजर, सव्वापाच. म्हटलं, "पोरीचं नाव कापू नका. मला शेवट दाखवा. मग मार्क घ्या, न्हायतर तोंडावर फेका."

सर म्हणाले, "उद्या सकाळी नऊला या."

रविवार, १२ फेब्रुवारी

पदराचं टोक खुर्चीच्या हाताला बांधून बसलो. निशा म्हणली, "हे काय आज्जी!" म्हटलं, "बांधल्याबिगर पाय ऐकत न्हाईत."

दोनदा उठलो. दोनदा पदरानं मागं ओढलं.

म्हाताऱ्यानं कोंबडा खाल्ला. खोक्याच्या पोरीनं दारातलं खोकं उघडलं, त्यातला आईचा जुना झगा काढला, नाकाला लावला आणि खोक्यात जाऊन बसली. पण आता ती मोठी झालीय, पाय मावंनात. संपलं! दिवे लागले. मी पहिल्यांदाच उजेडात बसलेली, तोंड पदरात.

राग इतका आला की खोक्याला दोन लिहिले. मग मीच खोडलं. आई आली असती तर मी आनंदानं घरी जाऊन भात लावला असता आणि पोरीला विसरलो असतो. आता विसरायची न्हाय. नऊ दिले. कोंबड्याला आठ. सरांना ह्याच शब्दांत सांगितलं.

सरांनी खिशातनं पाकीट काढून निशाला दिलं. म्हणाले, "ही चिठ्ठी शुक्रवारीच लिहिली. स्वतःच्या आज्जीचे मार्क रद्द करा म्हणून येणारं पोरगं मी पहिल्यांदा बघितलं." निशा रडली. मी तर आधीच रडत होतो, त्यामुळं सोपं गेलं.

निघताना सर म्हणाले, "तुमच्या त्या टॉकीजला मी लहानपणी यायचो आज्जी. दोन बहिणींचा तो पिक्चर आठवतो? शेवटी धाकटी नदीत जाते. आईच्या मांडीवर ढसाढसा रडलो होतो."

मी म्हटलं, "नदीत कशाला? लग्न झालं की तिचं! बँड लावून!"

"न्हाय हो आज्जी. मरते ती."

रिक्षात बसल्यावर डोकं चालाय लागलं. कोंबडा वाचला, हे ह्यांनी कुठं बघितलं? हे तर खाटेवर.

सोमवार, १३ फेब्रुवारी

भाकरी थापताना विचारलं, "दोन बहिणींतली धाकटी मेली व्हय?"

ह्यांनी पाठीमागची उशी सारखी केली. मग म्हणाले, "दार उघडलं की बाहेर पडणाऱ्या माणसांची तोंडं मलाच दिसायची. तुझं तसलं तोंड मला बघायचं न्हवतं."

तीस वर्षं! सगळं शेवट ह्यांचं. शेवट कळल्यावर दहा अजून कुणाला दिला न्हवता, तो आज ह्यांना दिला.

मग म्हणाले, "तू काल शेवट बघून आलीस न्हवं? खोक्यातल्या पोरीची आई आली का?"

भाकरी उलटली. म्हटलं, "आली की! दारातच उभी होती."