सहाच्या आत

सातारा,
२० जुलै २०२५

प्रिय सुमैरा,

फेब्रुवारीपासून तुझे सात फोन मी उचलले नाहीत. ईदला तू दोन ओळी लिहिल्यास, त्यावर मी नुसते जोडलेले हात पाठवले. परीक्षेचं काम होतं हे कारण तुला दोनदा दिलं, तेही खोटं होतं. या गप्प बसण्याबद्दल माफ कर. पुढं जे लिहिणार आहे त्याची माफी मात्र एवढ्यात मागत नाही. ते वाचून तू मला पुन्हा उंबऱ्याच्या आत घेशील की नाही, हेच मला माहीत नाही.

इकडं कॉलेज सुरू झालंय. भूगोल अजून माझ्याकडंच आहे, पण नद्यांचा धडा यंदाही मी दुसऱ्या बाईंना दिला. त्यांना वाटतं माझा घसा दुखतो. गुडघे मात्र खरंच दुखतात. वर्ग तिसऱ्या मजल्यावर आहे.

तो टॅबवरचा डाव तूच मला शिकवलास. हॉस्टेल सुटल्यावर पंधरा वर्षांनी आपण रोज बोलायला लागलो ते त्या डावामुळं, हे मी विसरत नाही. सात खेळाडू, सात राज्यं. दिवसभरात केव्हाही आपली चाल लिहून ठेवायची आणि संध्याकाळी सहाला सगळ्यांच्या चाली एकदम उघड. तोवर एकमेकांना निरोप, तह, आणाभाका. सैन्य हलवण्यापेक्षा आपला जास्त वेळ त्या निरोपांतच जायचा. जतचे लालासाहेब, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, आठवतात ना? बायको दवाखान्यात आहे, चार दिवस माझ्यावर येऊ नका, असं कळवून त्यांनी माझे तीन किल्ले घेतले आणि वर लिहिलं, "मॅडम, बायकू हितं चुलीम्होरं भाकरी थापतीया. तुमी पोरांस्नी भूगोल शिकवा, लढाईचं आमी बगतो." मी रडकुंडीला आले होते. तू फोनवर खो खो हसलीस. म्हणालीस, "पटावर कुणाचं रडणं खरं धरायचं नसतं गं, येडे. माझंसुद्धा." ते 'माझंसुद्धा' मी त्या दिवशीच्या डायरीत लिहून ठेवलंय. पुढं त्याचा आधार घ्यायला मला फार बरं पडलं.

तुझ्या अम्मी आपल्यावर वैतागायच्या. दुकानात गादीला टाके घालता घालता माझ्याकडं न बघता विचारायच्या, "काय क्रांती, आज कुणाचं राज्य खाल्लंस? आता दोन घास जेव." मी तुमच्याकडं सांगलीला आले की त्या टॅब उशीखाली सारायच्या आणि ताट झाल्याशिवाय द्यायच्या नाहीत.

आपला तह चौदा महिने टिकला. तुझ्यामाझ्या सीमेवर दोघींनीही एक शिपाई ठेवायचा नाही, एवढंच कलम. शेवटी जिंकणार एकच, हे दोघींना ठाऊक होतं आणि तो विषय आपण काढत नव्हतो. मी मनात काढला होता. जुलै २०१९ च्या डायरीची पानं तुझ्या राजधानीपर्यंतच्या वाटांनी भरलेली आहेत.

पाच ऑगस्टला तुझा निरोप आला की घरात पाणी शिरतंय, चार दिवस चाल देता येणार नाही, सीमा सांभाळ. आणि त्याच संध्याकाळी सहाला तुझं सैन्य माझ्या दिशेनं दोन घरं पुढं आलेलं दिसलं. ती चाल तू सकाळीच, पाणी यायच्या आधी लिहून ठेवली होतीस, आणि ती लालासाहेबांना अडवायला होती, हे मला फार उशिरा कळलं. त्या दिवशी मी लिहिलं, "सु. निघाली."

सहा तारखेला दुपारी तुझा दुसरा निरोप. तो मला पाठ आहे. "हे खरं आहे. फोन भिजला. टॅबवर एवढंच उघडतंय, आणि तू सहाच्या आत इथं येतेसच. आम्ही वरच्या मजल्यावर, पाणी जिन्यात. अम्मीचं इन्सुलिन संपलं. कंट्रोल रूमला आमचा पत्ता दे, बोट पाठवायला सांग."

माझ्यासमोर टीव्हीवर सांगलीचा पूर दिसत होता. तरी मी स्वतःला समजावलं, ही पुराच्या आडून वेळ काढतेय. दोन हजार पाचला पाणी यांच्या पायरीवरून परत गेलं होतं, हिनंच सांगितलंय. डायरीत त्या तारखेला एकच ओळ आहे, "सु.चा निरोप. खरं की डाव?" प्रश्नचिन्ह दोनदा गिरवलंय. पण ज्याला खरंच प्रश्न पडतो तो विचारून बघतो, सुमैरा. मी तुला उत्तरसुद्धा दिलं नाही, कारण उत्तर दिलं असतं तर तह पाळावा लागला असता. साडेपाचला चाल लिहिली आणि सहाला तुझी राजधानी घेतली. त्या आनंदात मी चहा करून प्याले, हेही लिहून ठेवलंय.

कंट्रोल रूमला मी फोन केला, पण दुसऱ्या दिवशी दुपारी, वर्तमानपत्रात तुमच्या चौकाचा फोटो पाहिल्यावर. लागायला तास गेला. बोट तुमच्यापर्यंत आठ तारखेला पोचली. अम्मींना मिरजेला नेलं तेव्हा त्या शुद्धीवर नव्हत्या, आणि पुन्हा आल्याच नाहीत. एक दिवस आधी बोट आली असती तर त्या जगल्या असत्या का, हे मी माझ्या एका नातेवाइकाचं म्हणून दोन डॉक्टरांना विचारलं. एक म्हणाला, सांगता येत नाही. दुसरा म्हणाला, हो.

अम्मींच्या चाळिसाव्या दिवसाला मी आले होते. भिंतीवर पाण्याची रेघ माझ्या डोक्याच्या वर होती. तू माझा हात धरून म्हणालीस, "तुला निरोप टाकला होता गं. गेलाच नसणार, टॅब लगेच बंद पडला." मी म्हणाले, "नाही मिळाला." तू उलट माझेच डोळे पुसलेस. राजधानी गेल्याचं लालासाहेबांनी तुला सांगितलं, तर तू म्हणालीस म्हणे, "क्रांतीनं घेतली ना? मग घरातच राहिली." हे त्यांनी मला हसत हसत कळवलं. त्यानंतर तू कधी त्या डावाकडं फिरकली नाहीस. मीही बंद केलं. आणि हळूहळू तुझ्याशी बोलणंही कमी करत आणलं, कारण तू माझ्यावर कधी रागावत नव्हतीस.

आता आजच का लिहितेय ते सांगते. परवा त्या खेळाच्या चालकांची मेल आली. तुलाही आली असेल, तू न वाचता पुसली असशील. ३१ जुलैला ते सगळं बंद करतायत आणि प्रत्येकाला त्याचे जुने निरोप पाठवणार आहेत. निरोप कधी पाठवला आणि समोरच्यानं कधी उघडला, त्या वेळांसकट. तुझ्या त्या निरोपापुढं माझं नाव असेल आणि दुपारचे चार वाजून बारा मिनिटं. ही मेल आली नसती तर मी हे पत्र लिहिलं असतं का? दोन दिवस हेच डायरीत लिहितेय आणि खोडतेय. नसतं लिहिलं. तुला कळायच्या आधी आपण सांगावं, म्हणजे जरा कमी वाईट ठरू, हा विचार माझ्या मनात आहे आणि तो तुझ्यापासून लपवत नाही. सहा वर्षं मी याला डावातली चूक म्हणत आले. पण तू पत्ता पाठवलास तो डावातला नव्हता, आणि तुझ्या घरात, तुझा हात हातात असताना मी 'नाही मिळाला' म्हणाले, तेही डावात नव्हतं. निरोप मिळाला होता, सुमैरा. मी तो पूर्ण वाचला होता.

तुझीच म्हणवून घेणारी,
क्रांती

(डायरी, २० जुलै) उद्या : पहिल्या एस.टी.नं सांगलीला जाऊन हे पत्र सुमैराच्या हातात द्यायचं.