वाटूर रस्त्यावरचा एक किलोमीटर

जालना (जि. औरंगाबाद)
१२ मार्च १९७८

प्रिय जुगलकिशोर यास,
भिवाचा सप्रेम जय भीम.

इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत. तुझी खुशाली तुझ्या आईकडून कळली. तू पाठवलेली दोन्ही पत्रं मला मिळाली होती, पोस्टाचा काही दोष नाही. उत्तर लिहायला बसायचो आणि तारखेच्या पुढं हात जायचा नाही.

माझी बहीण सत्यशीला आता जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. शिवाजी मास्तर गेल्यावर ती दोन वर्षं शिकली आणि डी.एड. झाली. ती आणि मास्तरांची बेबीनंदा माझ्याकडंच असतात. बेबीनंदा सात वर्षांची झाली. पाढे बापासारखे धडाधड म्हणते. गॅरेज होतं तिथंच आहे. स्कूटरी जास्त येतात आता.

पत्राचं कारण असं, की सोमवारी तुझ्या आई, धापूबाई, गॅरेजवर आल्या होत्या. मी खुर्ची पुसून दिली, पण बसल्या नाहीत.

"भिवा, तीन मुली दाखवल्या रे त्याला," म्हणाल्या. "म्हणतो, या हातानं माणूस मेला, हा हात कुण्या पोरीच्या हातात देऊ? साऱ्या हैदराबादेत पायी फिरतो. सायकलला बी हात लावत न्हाई. तुझ्या घरचा माणूस गेला, म्हणून तुझाच शब्द तो मानंल." आणि त्यांनी माझ्यापुढं हात जोडले.

लिहितो म्हणालो. म्हणून लिहितो आहे. जुगल, तुझा काही दोष नव्हता. लग्न कर.

एवढ्यावर पत्र बंद करणार होतो. पण तुला लिहायचं आणि गाडीचं काढायचं नाही, हे जमत नाही. तुला आठवतं, तू जावा मोटरसायकल घेऊन आलास आणि म्हणालास, "मद्रासकडच्या शर्यतीत पळवायची, जल्दी कर"? अडीचशे सीसीची, दोन सायलेन्सरची, साधी सडकेवरची गाडी. सात महिने आपण तिला खोलत आणि जोडत होतो. धूर बाहेर जायची सिलिंडरची खिडकी मी कानशीनं दीड मिलिमीटर वर नेली, आत बॅटरीचा उजेड टाकून. हेड घासून कॉम्प्रेशन चढवलं. मोठा कार्बोरेटर लावला. सायलेन्सर काढून पत्र्याचे पाइप वेल्ड केले, मधे फुगीर आणि शेवटी निमुळते. पहिल्यांदा चालू केली तेव्हा गल्लीतली सगळी कुत्री पळाली. हँडल खाली, चाकाला धरणाऱ्या फोर्कच्या नळ्यांवर आवळलेलं, फूटरेस्ट मागं. तू टाकीवर छाती टेकून पालीसारखा चिकटायचास. मडगार्ड, स्टँड, पेटी, हॉर्न, काही ठेवलं नाही. इंजिनाच्या मिनिटाला चार हजार फेऱ्यांपर्यंत ती म्हशीसारखी चालायची आणि तिथून पुढं एकदम अशी सुटायची, की बघणाऱ्याचा हात आपोआप छातीवर जायचा.

आणि मास्तर! वाटूरच्या शाळेत गणित शिकवणारा माणूस, ज्याला सायकलचं पंक्चर काढता येत नव्हतं. चेनच्या पुढच्या चक्राला एक दात वाढवा म्हणाले, आणि कागदावर जो वेग काढला तोच रस्त्यावर निघाला. शाळेतलं खेळाचं घड्याळ घेऊन ते माझ्याजवळ किलोमीटरच्या दगडापाशी उभे राहायचे आणि मोठ्यानं मोजायचे. एक किलोमीटरला आधी तेहतीस सेकंद लागायचे. शेवटी तू एकटा साडेसत्तावीसमधे आलास.

वेग वाढला म्हणून पुढच्या चाकाला मोठा ब्रेक बसवायचं मीच काढलं. भंगारातून एका जड गाडीचा ड्रम आणला. तो ब्रेक

गिऱ्हाईक आलं आहे. इथंच थांबतो. आईचं ऐक.

तुझा,
भिवा


जालना
४ एप्रिल १९७८

जुगल,
जय भीम.

तुझं पत्र पोचलं. तू एकच गोष्ट विचारलीस. "माझा दोष नव्हता म्हणतोस, तर कोर्टात गाडी बराबर होती असं का सांगितलंस? गाडी बराबर, मी पण बराबर, मंग मास्तर मेले कशानं?"

चार दिवस ते पत्र खिशात घेऊन फिरलो.

मागच्या आठवड्यात भोकरदनहून एकजण नवी कोरी गाडी घेऊन आला. त्याला कुणीतरी आपल्या गाडीचं सांगितलं होतं. म्हणाला, मला पण तशी करून द्या. मी नाही म्हणालो. चिडून त्यानं गाडीची मूठ अशी पिळली, की सगळी गल्ली दणाणली, आणि माझ्या कानाशी मास्तर मोजायला लागले. एक. दोन. तीन. अगदी शेजारी उभे राहून मोजायचे तसेच. सव्विसाला मी हातातला पाना खाली ठेवतो, अठ्ठाविसाला ते थांबतात. कुठलीही गाडी जोरात गेली की हे होतं. जेवताना झालं तर घास हातातच राहतो. सत्यशीला विचारते, "दादा, काय मोजून राह्यला?" मी म्हणतो, काही नाही. पाच वर्षं हे चालू आहे.

आता सांगतो.

ब्रेकच्या ड्रमची झाकणी चाकाबरोबर फिरू नये म्हणून तिला फोर्कशी एका लोखंडी पट्टीनं धरून ठेवावं लागतं. वीतभर पट्टी असते. ब्रेक दाबला की सगळा ओढा तिच्यावर येतो. तो ड्रम आपल्या गाडीचा नव्हता, म्हणून पट्टी मी घडवली. दोन घडवल्या. एक भरीव. दुसरीला पाच भोकं पाडली. तू आणलेल्या विलायती मासिकात शर्यतीच्या गाड्यांचे फोटो होते, त्यांत अशी भोकं पाडलेली सामानं होती. वजन कमी, असं मी सांगायचो. खरं म्हणजे ती दिसायला दागिन्यासारखी होती. भोकं पाड असं तू म्हणाला नव्हतास. हे नीट वाच.

मास्तरांनी ती पाहिली. वहीच्या पाठीमागं आकडेमोड केली आणि म्हणाले, "भिवा, दोघं बसले आन जोरात ब्रेक लागला तर ही न्हाई टिकायची. भरीव बसव."

मी म्हणालो, "बसवतो."

बसवली नाही. मॅट्रिक नापास मेकॅनिकला मास्तरानं लोखंड शिकवावं, याचा राग आला होता. तुझ्याशी खोटं कशाला बोलू.

त्या दिवशीचं तुला किती आठवतं, मला माहीत नाही. दवाखान्यात तू म्हणालास की ब्रेक दाबल्यापुढचं काहीच आठवत नाही. संक्रांत होऊन आठवडा झाला होता. दुष्काळाचं साल, रस्ता मोकळा, कडेला बायका दुष्काळी कामावर खडी फोडत होत्या. मास्तर म्हणाले, "तिकडून पोरगं रुमाल हलवतं, मंग मी घड्याळ दाबतो, त्यात अर्धा सेकंद जातो. आज मी मागंच बसतो. दोन्ही दगडांपाशी मीच दाबीन, बिलकुल बराबर येईल." पायजम्याचे पाय त्यांनी मोज्यांत खोचले. तू गाडीला किक मारत होतास, म्हणून तुला ऐकू गेलं नसेल. त्यांनी मला विचारलं, "पट्टी बदलली ना?"

मी म्हणालो, "हो."

जुगल, हे मी आजवर एकट्यात पण मोठ्यानं बोललो नव्हतो.

मी पुढच्या दगडापाशी उभा राहिलो. तुम्ही माझ्यासमोरून गेलात. मास्तर हसत होते. घड्याळ धरलेला हात त्यांनी वर केला, म्हणजे दाबलं होतं. तेवढ्यात पाण्यावर चाललेला शेळ्यांचा कळप आडवा आला. तू ब्रेक दाबलास, दाबायलाच पाहिजे होता, कुणीही दाबला असता. टक् असा आवाज आला. फार मोठा नाही. झाकणी गरकन फिरली, ब्रेकची तार तिच्याभोवती आवळली आणि पुढचं चाक जागच्या जागी बांधल्यासारखं झालं.

मी धावलो. मास्तरांच्या मुठीत घड्याळ होतं. काटा अठ्ठाविसावर थांबला होता.

खडीच्या ट्रकमधे तुम्हा दोघांना घालून लोक जालन्याला घेऊन गेले. गाडीजवळ कुणीतरी थांबायला हवं, म्हणून मी थांबलो. सगळ्यांना वाटलं, भिवा किती धीराचा. पोलीस यायच्या आत मी त्या पट्टीचे दोन तुकडे काढले आणि पिशवीतली भरीव पट्टी लावली. दगडानं ठोकून ती वाकवली, पडताना वाकावी तशी. माझ्या बहिणीच्या नवऱ्याचं रक्त रस्त्यावर वाळत होतं आणि मी नट आवळत होतो.

बायकांनी जबानी दिली, लई जोरात आल्ते. तू स्वतःच म्हणालास, मी घाबरून ब्रेक दाबला. मी म्हणालो, गाडी बराबर होती. लोक सरकारी सुकडीवर जगून राह्यले आणि शेठचा पोरगा पेट्रोल जाळतो, असं सगळं गाव बोलत होतं. तुला चार महिन्यांची कैद झाली.

मला वाटलं होतं, तुझ्या वडलांकडं चांगला वकील आहे, तू सुटशील. माझ्याकडं कोण होतं? आमच्या वस्तीतल्या मेकॅनिकची बाजू कोण घेतं? मी आत गेलो असतो तर सत्यशीलेनं आणि दोन वर्षांच्या पोरीनं कुठं जायचं? ही कारणं मी रोज स्वतःला सांगतो. खोटी नाहीत. पण पुरत नाहीत.

तू सुटून आलास आणि लंगडत आमच्या दारात येऊन उभा राहिलास. सत्यशीलेनं तुझ्या तोंडावर दार लावलं. मी तिच्या मागंच उभा होतो.

तिला यातलं काही माहीत नाही. आधी तिला सांगून मग तुला लिहायला हवं होतं. हे पत्र आत्ताच पेटीत टाकतो, उद्यापर्यंत ठेवलं तर फाडीन.

भिवा


जालना
२५ एप्रिल १९७८

जुगल,

तुझं कार्ड मिळालं. एकच ओळ. "ताईंना कोण सांगणार, तू की मी?"

मी सांगितलं. रविवारी दुपारी ती परीक्षेचे पेपर तपासत बसली होती. बेबीनंदा शेजारी खेळायला गेली होती. मी खाली बसून पहिल्यापासून सगळं सांगितलं.  संपल्यावर तिनं एवढंच विचारलं,

"बसायच्या आधी त्यांनी तुला इचारलं व्हतं?"

"हो."

"आन तू हो म्हणलास."

"हो."

तिनं पेनाला टोपण लावलं. मग परत काढलं.

"मी त्या माणसाला काय काय बोलले, दादा. त्याच्या आईला बोलले. भर बाजारात बोलले. तू ऐकत व्हतास." पुढं म्हणाली, "रडत रडत कितींदा तुला म्हणलं, तू हायेस म्हणून मी उभी हाय."

मी पाया पडायला वाकलो तर तिनं पाय ओढून घेतले. "न्हाई. ते नको करू." मग उरलेले पेपर तपासत बसली. सोमवारी द्यायचे होते. प्रत्येक पेपरची बेरीज दोनदा केली. मी तिथंच बसून होतो. ती मारती, शिव्या देती, तर मला बरं वाटलं असतं. तिला ते माहीत असावं.

बुधवारी ती पोरीला घेऊन भोकरदनला गेली. तिथं तिच्या ओळखीच्या द्वारकाबाई शिक्षिका आहेत, त्यांच्याकडं उतरली आहे. बदलीचा अर्ज केला आहे. बसमधे बेबीनंदानं खिडकीतून विचारलं, "मामा कधी यायचा?" सत्यशीला म्हणाली, "बस सुटली, हात आत घे."

दुसऱ्या दिवशी मी धापूबाईंकडं गेलो. दारातच उभा राहून सांगितलं. वाटलं, आरडाओरडा होईल, शेठजी धावून येतील.  त्या एवढंच म्हणाल्या, "मी तुझ्यापुढं हात जोडले होते, भिवा." आणि आत गेल्या.

तिथून पोलिसांकडं गेलो. इतकी वर्षं लपवून ठेवलेले पट्टीचे दोन्ही तुकडे टेबलावर ठेवले आणि लेखी जबानी दिली. साहेबांनी दोनदा वाचली. म्हणाले, निकाल लागून गेलेली केस आहे, वर विचारतो, जालना सोडू नका. मी कुठं जाणार? खोट्या साक्षीची शिक्षा होईल असं वकील म्हणतो. होऊ दे. तुझ्यावरचा डाग निघण्यासाठी जिथं सही लागेल तिथं मी करीन.

एक खरं सांगतो. हे सगळं बोलून टाकलं की मास्तर गप्प होतील, असं मला वाटलं होतं. नाही झाले. काल घरात मी एकटा होतो, बाहेरून गाडी गेली आणि त्यांनी मोजलं. माझ्या लक्षात आलं, की हा आवाज रागाचा नाही, पूर्वी पण नव्हता. ते नुसतं मोजत असतात, आनंदानं, घड्याळावर विश्वास ठेवून. तेच सहन होत नाही.

सत्यशीलेनं तुझा पत्ता मागून घेतला आहे. ती लिहील. तिला उत्तर दे, तिला आता तुझ्याशिवाय त्यांच्याबद्दल बोलायला कुणी नाही. आईनं दाखवलेल्या मुलींमधे कुणी आवडली असेल तर हो म्हण. तुझा हात स्वच्छ आहे, जुगल, पाच वर्षं तू माझा हात वागवत होतास.

लग्नाची पत्रिका मला पाठवू नकोस. पाठवलीस तर मी येईन, आणि मी येऊ नये.

मास्तरांना 'हो' म्हणणारा,
भिवा