सोनूचं सब-कॉन्ट्रॅक्ट

३ नोव्हेंबर, सोमवार
रडतं लेकरू कुणाच्या तरी हातात देऊन कार्ड पंच करायला धावणाऱ्या तमाम आई-बापांनो! आपली मुलं सांभाळायला विश्वासू माणूस मिळत नाही आणि त्यावर आजवर एकाही नेत्याने तोंड उघडलेलं नाही. मी उघडतो. (रोजनिशीला श्रोते नसतात, ठाऊक आहे. सवय.)
परिस्थिती अशी. सोनू चौदा महिन्यांची. बायकोची, म्हणजे आम्रपालीची, रजा संपली, येत्या सोमवारी तिला हॉस्पिटलच्या लॅबमध्ये हजर व्हायचंय. माणूस मिळालं नाही तर नोकरी सोडावी लागेल. ती म्हणाली, वरच्या मजल्यावरच्या रोशनबींना विचारू. मी म्हणालो, ओळखीने भरती नको, रीतसर इंटरव्ह्यू होतील. चाकणच्या कंपनीत युनियनचा सहचिटणीस आहे मी, सगळे संघर्षभाऊ म्हणतात. माणूस ओळखायला मला दोन मिनिटं पुरतात.

६ नोव्हेंबर, गुरुवार. साप्ताहिक सुट्टी.
इंटरव्ह्यू झाले. उमेदवार दोन. प्रश्न एकवीस. आधी माझं प्रास्ताविक, विषय: बालसंगोपन आणि श्रमप्रतिष्ठा. पस्तीस मिनिटं.
रोशनबी: साठीच्या. चार मुलं, सात नातवंडं वाढवलेली. चौथ्याच मिनिटाला मध्ये म्हणाल्या, भाऊ, ते राहू द्या, पोर ओली झालीय. उठून सोनूला बदललंसुद्धा. वक्ता बोलत असताना! शिस्त शून्य. नापास.
वर्षाली: तेवीस. पस्तीस मिनिटं जागची हलली नाही. सहा वेळा म्हणाली, बरोबर आहे दादा. शेवटी म्हणाली, इतकं कुणी समजावून सांगितलंच नव्हतं. डोळे पाणावले. माझे.
सोनू तिच्याकडे जाईना. गुणवत्ता कळायला वय लागतं.
वर्षालीला तीन महिने ट्रायलवर घेतलं, मग परमनंट. कंपनीतल्या ट्रायलविरुद्ध मी बोलतो ते वेगळं. तिथे मशीन असतात, इथे मूल आहे.

१० नोव्हेंबर, सोमवार
आम्रपाली रुजू. माझी या आठवड्यात फर्स्ट शिफ्ट. वर्षालीला चावी दिली आणि विश्वास या विषयावर थोडं बोललो. बस चुकली.

११ नोव्हेंबर, मंगळवार
वर्षालीने अकरा वाजता सोनूचा फोटो पाठवला. न सांगता! मागे हिरवा पडदा दिसतोय. आमचे निळे आहेत. माझ्या मोबाइलचा स्क्रीन गेला वाटतं.

१२ नोव्हेंबर, बुधवार
सोनूच्या डोळ्यांत कालपासून सुरेख सुरमा. वर्षालीला जुन्या पद्धतींची जाण आहे. लाइनवर नवनाथला फोटो दाखवला. म्हणाला, राव, पोरगी लई खुश दिसतीय. मी विचारलं, निवड कोणाची?
आम्रपाली दोन दिवस गप्प आहे. हार मान्य करायला मोठं मन लागतं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
सुट्टीचा पूर्ण दिवस सोनूला द्यायचा संकल्प होता. युनियनची बैठक निघाली, वर्षालीला बोलावून घेतलं. पुढच्या गुरुवारी नक्की.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार. दुपारी ३.
दगा. दगा. दगा.
माल न आल्यामुळे लाइन बंद. एक वाजता घरी. दाराला कुलूप. वर्षालीला फोन लावला. कुजबुजत म्हणाली, दादा, सोनू झोपलीय, हळू बोला. मी कुलपाकडे बघत हळू बोललो. मागे हेअर ड्रायरचा आवाज येत होता.
तेवढ्यात वरून सोनूचं हसू ऐकू आलं. वर गेलो. हिरवा पडदा. रोशनबींच्या मांडीवर सोनू, हातात पोळीचा तुकडा.
उलगडा: वर्षाली सोमवारपासूनच सोनूला सकाळी वर सोडते आणि निगडीला पार्लरच्या कोर्सला जाते. आम्ही घरी यायच्या आत परत आणते. म्हणजे ज्या ठेकेदारीविरुद्ध मी बारा वर्षं घसा फोडला, तिने माझी पोटची पोर ठेक्यावर दिली!
रोशनबींच्या दारात बोललो. शिकागोच्या मे दिनापासून भोसरीपर्यंत सगळं बोललो. तीन मजले जमले. रोशनबींना मी ठेकेदाराची हस्तक म्हणालो, लेकरू पळवणारी म्हणालो. टाळ्या आल्या नाहीत. त्यांनी सोनूचं तोंड पुसलं, तिला माझ्या हातात दिलं आणि दार लावून घेतलं.
सोनू अजून रडतेय.

त्याच दिवशी, रात्री ८
आणखी दगा. आम्रपालीला मंगळवारपासून माहीत होतं. रोशनबींच्या हातचा सुरमा ओळखून ती थेट वर गेली होती. विचारलं, मला का नाही सांगितलंस? म्हणाली, तू सभा घेतली असतीस. पोरगी खात होती, झोपत होती, मला कामावर जाता येत होतं. तुझं एक भाषण वाचवलं, तर काय बिघडलं?

१६ नोव्हेंबर, रविवार
काढून टाकलेली वर्षाली कोर्सच्या पहिल्या चाचणीत पहिली आली म्हणे. आम्रपालीने काल रजा टाकली. उद्या तिची सातची ड्यूटी, माझी जनरल शिफ्ट, आणखी रजा नाही. ती रोशनबींकडे जाऊन आली. त्या म्हणाल्या, पोरीवर माझा राग नाही. ज्याने मला चोर म्हटलं, त्याने यावं.
टेबलावर आम्रपालीचा राजीनामा लिहून ठेवलाय. फक्त सही बाकी.
नवनाथला फोन केला. म्हणाला, भावा, माफी माग आणि गप बस. नवनाथचं वाचन कमी. मी माफीचं भाषण तयार केलं. आठ पानं.

१७ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ६.३५. रोशनबींच्या दारापुढचा जिना.
नोंद राहावी म्हणून भाषणाच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहितोय. दार बंद. सोनू माझ्याजवळ. आम्रपाली खाली गाडी सुरू करून उभी, राजीनामा पर्समध्ये.
पहिलं पान मोठ्याने वाचलं. आतून रोशनबी म्हणाल्या, संघर्षभाऊ, तुमचं संपलं की कडी वाजवा, मी कुकर लावलाय.
तिसऱ्या पानावर सोनू हातातून निसटली आणि तळहातांनी दार बडवायला लागली. एक मुद्दा नाही, एक संदर्भ नाही. आतून लगेच पावलं वाजली. दाराशी येऊन थांबली. म्हणाल्या, तिचं समजलं मला. तुमचं काय?
खालून दुसरा हॉर्न.
पानं खाली ठेवली. चुकलो, म्हणालो. एवढंच. आयुष्यातलं सगळ्यात लहान भाषण. परिणाम अजून दिसलेला नाही.
कडी वाजवली.
रोशनबी, दार उघडा.