इंजिनातल्या मुंग्या

पोलादपूर, शनिवार, फेब्रुवारी ९८

महाडच्या वाटेवर गाडी परत मिसिंग करत, गचके खात बंद. ढकलत घरी आणली. गेल्या शनिवारीपण हेच. मेकॅनिकने दोनदा प्लग बदलले, उपयोग शून्य. दीर म्हणतात, "वहिनी, विकून टाका, उद्या गिऱ्हाईक आणतो." मग माझ्या खानावळीचे डबे महाडला कोण पोचवणार? दीर स्वतः डोक्यावर नेतील काय?

संध्याकाळी मीच बॉनेट उघडलं. आत मुंग्यांची रांग! इंजिनात मुंग्या कशाला? रांग थेट प्लगच्या वायरींवर. वायरी चिकट. बोट लावून चाटलं तर गोड.

मग पेटलं डोक्यात. आमचे हे दर शनिवारी गाडीची पूजा करून नारळाचं पाणी इंजिनावर शिंपडतात. वायरी भिजल्यावर गाडी चालेल कशी?

वायरी पुसून कोरड्या केल्या, चावी फिरवली, गाडी लगेच चालू.

हे म्हणतात, "देवाचं पाणी हाय गो ते."

म्हटलं, "नारळ चाकापाशी फोडा. बॉनेटला हात लावायचा नाय."

दीर हसले, "वहिनी, इंजिनातलं तुम्हांला काय कळतं?"

जे मुंग्यांना कळलं ते मेकॅनिकला नाय कळलं, मला कळलं.

उद्या येऊ दे गिऱ्हाईक. जेवू घालीन. चावी माझ्या कमरेला हाय.