क्रिमियाला दिलेलं शून्य

गुरुजी, गेल्या महिन्यात एका सकाळी, सामान्यज्ञानाच्या स्पर्धेत, तुमचाच प्रश्न विचारणाऱ्या मुलीला मी भर शाळेसमोर शून्य दिलं. मी विचारलं होतं, क्रिमिया कोणत्या देशाचा? आठवीतली ती पोरगी उभी राहिली अन् म्हणाली, "सर, तिथल्या माणसांना कुणी इचारलं व्हय?" पोरं फिदीफिदी हसली. तपासणीला आलेले साहेब शेजारीच बसले होते. म्हणाले, "सर, तुमच्या शाळेत उत्तरांपेक्षा प्रश्नच लई पिकतात की!" मी ओशाळलो आणि तिच्यावर ओरडलो, "इचारलं तेवढंच सांगायचं. शून्य. बस खाली." ती बसली. त्यानंतर माझ्या तासाला तिनं तोंड उघडलं नाही.

तो प्रश्न तिला मीच शिकवला होता, अन् मला तुम्ही. मला अजून दिसतं, शाळेच्या अंगणात तुम्ही काठीनं मातीत काळा समुद्र काढताय. त्यात घुसलेला, चिंचोळ्या पट्टीनं जमिनीला जोडलेला तुकडा म्हणजे क्रिमिया. "खाली डोंगर, वर आपल्यासारखंच कोरडं माळरान. पाणी कालव्यानं येतं, तेही बाहेरून." आधी तिथल्याच तातार लोकांचे खान, मग रशियाची सम्राज्ञी, मग सोव्हिएत. आम्हा चौघांना तातार म्हणून मधे उभं करता आणि एकदम फाटकाबाहेर पिटाळता. त्या लोकांना सोव्हिएत सरकारनं असंच एकाएकी, आगगाड्यांत कोंबून हाकललं होतं, हे मग सांगता. "माझा बाप निजामाच्या राज्यात जन्मला, मुंबई राज्यात राबला अन् महाराष्ट्रात मेला. गाव तेच. त्याला कुणी इचारलं न्हाय, पण घरातून हाकललं बी न्हाय. नकाशा बघताना एवढं तरी इचारत जा."

रोज सकाळी देवापुढं दिवा लावताना ती खाली बसणारी पोर दिसायची, अन् हात जोडलेलेच राहायचे. तुम्ही हयात असता, तर हे तुम्हाला सांगायला मला तोंड नसतं. म्हणून तुमच्या माघारी लिहितोय.

सोमवारी प्रार्थनेनंतर मी सगळ्यांसमोर उभा राहिलो. म्हणालो, "जगातले बहुतेक देश क्रिमिया युक्रेनचा मानतात, ताबा रशियाचा आहे, आणि हाकललेले तातार कितीतरी वर्षांनी परतून तिथंच घरं बांधत होते. याचं उत्तर एका शब्दात मागितलं, ही माझी चूक. हिचा प्रश्न बरोबर होता." मी तिला हात जोडले. ती घाईनं म्हणाली, "असू द्या, सर. सगळी बघायलीत."

साहेब त्या दिवशी शाळेत नव्हते. असते, तर मी बोललो असतो का, हे मला अजून सांगता येत नाही.